मागच्या खोलीचा परतावा

लातुरात क्लासेसच्या भागात एक तीन मजली इमारत आहे. तिच्यातला वास इतका दाट की त्याला आत उभं राहायला जागा पुरेना, म्हणून तो बाहेर येऊन रस्त्यावर उभा राहायचा आणि रिक्षावाले त्याला वळसा घालून जायचे. हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. नकोच बसू दे. पुढं जे सांगायचं आहे त्याच्या मानानं हे काहीच नाही. तेव्हा अविश्वास आत्ताच सगळा खर्च करून टाकू नये, थोडा शिल्लक ठेवावा.

ह्या इमारतीपायी नांदेडच्या ज्ञानोबा सूर्यवंशीनं पाच लाख रुपये इसार देऊन ठेवला होता.

ज्ञानोबा एस.टी.तला कंडक्टर, नुकताच रिटायर झालेला. डेपोत त्याचं नाव होतं ते तिकिटं फाडण्यावरून नव्हे, थापांवरून. गोदावरीच्या पुलावर गाडीचे ब्रेक गेले तेव्हा आपण मागच्या शिडीला लोंबकळून, दोन्ही पाय डांबरात रोवून गाडी थांबवली आणि त्या घासाघाशीत चपलेतून निघालेल्या ठिणग्यांवर ड्रायव्हरनं बिडी पेटवली, असं तो भर गाडीत सांगायचा. ऐकता ऐकता माणसं आपलं गाव सोडून पुढं जायची आणि परतीचं तिकीट त्याच्याचकडून घ्यायची. पण थापेचे पैसे त्यानं कधी घेतले नाहीत. तिकीट गाडीचं. थाप फुकट.

रिटायर झाल्यावर हातात आले पंचवीस लाख. ग्रॅच्युइटी, फंड, सगळं मिळून. बायको चांगुणा म्हणाली, बँकेत ठेवा आणि गप घरी बसा. पण ज्या माणसानं तीस वर्षं दुसऱ्यांना बसायला जागा दिली, त्याला वाटलं, आता जागेचं भाडं आपण खावं. कुणीतरी सांगितलं की लातुरात पोरांना राहायला कॉट मिळत नाही, डॉक्टर व्हायला आलेली पोरं रांगा लावतात, तिथं इमारत घेणारा झोपेत श्रीमंत होतो. झाला हा उठून उभा.

इमारतीचा मालक नरसिंगशेठ. धर्माबादकडं मिरचीच्या व्यापारात पैसा करून त्यानं तो लातूरच्या विटांत घातला होता. त्यानं ज्ञानोबाला बोलावलं रविवारी. रविवारी पोरांची परीक्षा असते, इमारत रिकामी, फरशी फिनाइलनं पुसलेली, जिन्यात उदबत्त्या. नरसिंगशेठनं खालच्या ऑफिसात एसी लावून बसवलं आणि पहिलाच मंत्र दिला.

“खोली मोजू नका. कॉट मोजा.”

चाळीस कॉट. कॉटला महिना अडीच हजार. म्हणजे महिन्याला लाख, वर्षाला बारा लाख. इमारतीची किंमत ऐंशी. भागून बघा, पंधरा टक्के. कोणती बँक देते? सांगा, आपण सगळे तिथंच पैसे ठेवू.

एवढ्यानं ज्ञानोबा पाघळला नसता. तो पाघळला तो वेगळ्याच कारणानं. बोलता बोलता त्यानं सवयीनं एक थाप सोडली. अर्धापूरला आपली चाळीस एकर केळी आहे, म्हणाला. घड असा लांब की वरचं केळं पिकून पिवळं होतं तेव्हा खालचं अजून फुलात असतं, आणि खालच्याला वरची बातमी कळवायला एक गडी कायमचा ठेवलाय. अर्धापुरात ज्ञानोबाचं केळीचं पानसुद्धा नव्हतं. त्याची लेक लुंबिनी तिथं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तिला सोडायला जाताना रस्त्यावरून बागा दिसायच्या तेवढंच. पण नरसिंगशेठनं डोळे विस्फारले, गड्याला पगार किती देता म्हणून विचारलं. आणि थापा मारणाऱ्याला असा ऐकणारा भेटला की तो खिसा उघडा टाकून बोलत राहतो.

नरसिंगशेठनं त्या घटकेपासून त्याला ‘पाटील’ म्हणायला सुरुवात केली. सूर्यवंशी हे आडनाव आपल्याकडं गावातही सापडतं आणि बौद्धवाड्यातही; नरसिंगशेठनं केळीच्या बागेवरून आपल्या सोयीचं घर धरलं. ज्ञानोबाला गंमत वाटली. त्यानं ती मोडली नाही. संध्याकाळच्या गाडीत बसायच्या आधी इसारपावती झाली होती आणि पाच लाख गेले होते.

घरी आल्यावर लुंबिनीनं सगळं ऐकून घेतलं. ती बापाला ओरडली नाही. चहाचा कप बाजूला सारला आणि म्हणाली, बाबा, पोरं बारा महिने राहतात का? मे महिन्यात परीक्षा झाली की गादी गुंडाळून गावाकडं जातात, नवीन बॅच यायला जुलै उजाडतो. म्हणजे भाडं दहा महिन्यांचं. त्यात काही कॉट रिकामे राहणार, काही आईबाप पैसे बुडवणार. उन्हाळा लागला की टँकर. लाइट, देखरेखीचा माणूस, मालमत्ता कर, तुंबलेलं गटार. बारातले हातात उरले साडेपाच. स्टँप ड्यूटीसकट इमारत पडली पंच्याऐंशीला. परतावा झाला साडेसहा टक्के.

आणि पैसा आणायचा कुठून? साठीला टेकलेल्या माणसाला बँक दारात उभं करत नाही; कर्ज घ्यायचं तर लुंबिनीच्या पगारावर, साडेनऊ टक्क्यानं, पंधरा वर्षं. त्यातही वरचा मजला परवानगीशिवाय चढवलेला, बँक तो धरायलाच तयार नाही, म्हणजे कर्ज चाळीसच्या वर जात नाही. उरलेले वीस पतसंस्थेकडून चौदा टक्क्यानं, नाहीतर नरसिंगशेठकडंच उधार, महिना शेकडा दोननं. शेठ त्याला मदत म्हणत होता.

“डिझेल साडेनऊचं आणि तिकीट साडेसहाचं,” लुंबिनी म्हणाली. “बाबा, ही गाडी डेपोतून काढायचीच कशाला?”

ज्ञानोबा हिरमुसला. लेकीचं गणित खरं होतं, हे त्याला कळत होतं, पण पाच लाख तिकडं अडकले होते. खरेदी केली नाही तर इसार बुडाला, असं पावतीवर स्वच्छ लिहिलेलं. चांगुणानं तेवढ्यात आपलं एक वाक्य टाकलं. नवरी बघायला गेलं तर माणूस चुलीपर्यंत जाऊन येतं, तुम्ही ऐंशी लाखाची इमारत ऑफिसात बसून बघितली. एकदा चालू दिवशी जाऊन तरी या.

म्हणून ज्ञानोबा बुधवारी सकाळच्या गाडीनं लातूरला गेला. आता तो पाटील होता, त्यामुळं नरसिंगशेठनं काही लपवलं नाही. उलट उत्साहानं दाखवलं. धंद्यातली खुबी धंद्यातल्या माणसालाच दाखवतात.

आत पाय टाकला आणि रस्त्यावर उभा असलेला तो वास ज्ञानोबाला ओळख दाखवून पुढं चालू लागला. खोल्या प्लायवूडनं चिरून दोनाच्या चार केलेल्या. फळ्या इतक्या पातळ की अलीकडच्या पोरानं पान उलटलं की पलीकडच्याचा धडा बदलायचा. दोन कॉटांमधून जायला वाट नव्हती, पोरं कॉटावरून कॉटावर उड्या मारत दारापर्यंत यायची आणि सवय अशी लागलेली की सुट्टीत घरी गेल्यावर अंगणातही उड्या मारत चालायची. गाद्यांवर मागच्या बॅचांच्या घामाचे नकाशे, एकावर एक. खालच्या थरात कुणीतरी बुरशी धरली होती आणि ती आता वरच्या थरात शिकत होती. झुरळं एवढी निवांत की माणूस आला तर सरकून बसायची.

“पेस्ट कंट्रोल?” ज्ञानोबानं विचारलं.

“दिवाळीत,” नरसिंगशेठ म्हणाला. “पोरं नसतात तवा करायचं. न्हाईतर वासानं त्यांची डोकी दुखतात.”

मेसमध्ये वरणाच्या पातेल्यात बघून एक पोरगं भांग पाडत होतं. पोळ्या थाळीवर टाकल्या की टण् वाजायच्या. आचारी ज्या फडक्यानं ओटा पुसत होता त्याच फडक्यानं त्यानं कपाळ पुसलं, मग ताट पुसलं, मग परत ओटा. एका मजल्यावर एक संडास. त्याची कडी गेलेली, म्हणून आतल्या पोरानं गाणं म्हणत राहायचं अशी रीत. जाळीवर केसांचा एक गोळा साठला होता, मांजराएवढा. ज्ञानोबा पुढं सांगायचा की तो हलला. खाली पाणी तुंबलेलं, आणि त्या पाण्यात विटा टाकून वाट केलेली. त्या विटांवर पाय ठेवून ज्ञानोबानं आयुष्यात पहिल्यांदा देवाचं नाव न घेता स्वतःच्या बुटांची माफी मागितली.

मग गच्ची. पाण्याच्या टाकीला झाकण नव्हतं. आत एक कबूतर तरंगत होतं. आजचं नव्हतं. पंखांची पिसं सुटून कडेला चिकटली होती आणि पाण्यावर तेलासारखा तवंग.

ज्ञानोबानं नुसतं बोट दाखवलं.

“हाव, पडतं एखादं,” नरसिंगशेठ म्हणाला. “मे महिन्यात टाकी धुतो आपण. टँकरचं पाणी महाग हाय पाटील, एका कबुतरापायी सगळी टाकी सांडून कसं चालंल? खर्च वाढला की परतावा खाली येतो.”

ज्ञानोबानं नाकाला रुमाल लावला. तीस वर्षं त्यानं घाटात ओकणारे प्रवासी बघितले होते. हे सगळं घाण आहे, पण घाण धुता येते, असं तो मनाशी म्हणत होता. टाकीला झाकण बसवता येतं. आचारी बदलता येतो. पाच लाख वाचवायचे तर माणूस मनाशी बरंच काही म्हणतो.

खाली आल्यावर नरसिंगशेठनं त्याला मागच्या बाजूला नेलं. जिन्याखालून वाकून जायचं, पुढं मैल्याची टाकी, आणि तिच्या चेंबरला लागून एक खोली. खिडकी उघडली की चेंबरचं झाकण दिसायचं, म्हणून ती खिळे ठोकून बंद केलेली. आत पाच कॉट. पोरं क्लासला गेली होती. एका पेटीचं झाकण उघडं राहिलं होतं आणि त्या झाकणाच्या आतल्या बाजूला बाबासाहेबांचा फोटो चिकटवलेला. भिंत मोकळी होती. भिंतीवर काही लावायचं नाही असा ह्या खोलीपुरता नियम होता. कोपऱ्यात पाच ताटं, पाच वाट्या, मेसच्या भांड्यांपासून वेगळी.

नरसिंगशेठनं आवाज खाली आणला. चांगला बैल दाखवताना माणूस त्याच्या पाठीवर हात ठेवतो, तसा त्यानं चौकटीवर हात ठेवला.

“पाटील, तुमाला म्हणून सांगतो. वर आपण आडनाव बगून कॉट देतो. आईबाप आले की पयलं तेच इचारतात, शेजारी कोण झोपतंय. मग ही जयभीमवाली पोरं जाणार कुठं? चार ठिकाणी न्हाई म्हणवून घेतात, अन् संध्याकाळपतोर हितं येतात. नड असती. म्हणून ह्या खोलीला पाचशे ज्यादा. तीन हजार. खर्च काय न्हाई, रंग न्हाई, पंखा त्यांचा त्यांनी आणायचा. सगळ्या इमारतीत सगळ्यात जास्त परतावा ह्या खोलीचा.”

ज्ञानोबाकडं प्रत्येक गोष्टीवर एक थाप असायची. इथं त्याला एकही आठवली नाही. त्याला आठवली ती गाडी. गाडीत तिकीट फाडलं की आडनाव संपायचं. बाकावर दोघं बसायचे, कोण कुठला हे बाकाला ठाऊक नसायचं, आणि चाकावरच्या धक्के खाणाऱ्या सीटला महामंडळानं कधी ज्यादा पैसे लावले नाहीत. इथं धक्क्याचेच पैसे लावले होते. आणि हा माणूस ते सांगताना हसत होता, कारण समोर पाटील उभा होता.

तो जिन्याखालून वाकून बाहेर आला, रस्त्यापलीकडं गेला आणि नालीवर बसून ओकला. सकाळचा चहा पडला, कालचं जेवण पडलं, आणि त्या रविवारी ऐकलेले पंधरा टक्केही पडले. नालीतलं पाणी ते बघून थोडं मागं सरलं.

मग त्यानं चांगुणाला फोन लावला. टाकीचं सांगितलं. खोलीचं सांगितलं, ताटांचं सांगितलं.  

“तिथलं पाणी प्यालात का?” तिनं विचारलं.

“न्हाई अजून.”

“पिऊ नका.”

आणि तिनं फोन ठेवला. पैशांचा विषय तिनं काढला नाही. पाच लाखांत तिच्या गुडघ्याचं ऑपरेशनही होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

ज्ञानोबा ऑफिसात गेला आणि म्हणाला, शेठ, घरात अडचण आली, खरेदी जमणार नाही, इसार परत द्या. नरसिंगशेठनं पावती दाखवली. ज्ञानोबानं हात जोडले नाहीत, पण आवाज जोडला. नरसिंगशेठ थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवत बसला, मग त्याच्या चेहऱ्यावर एक कल्पना उगवली.

निलंग्याकडचं एक जोडपं तासाभरात येणार होतं. प्लॉट विकून आलेला पैसा होता त्यांच्याकडं, इमारत बघून गेले होते, तेही रविवारीच. मनात थोडी धाकधूक होती. त्यांना कुणीतरी जाणत्यानं सांगितलं की मी स्वतः ही घेणार होतो, केळीच्या बागेपायी जमत नाही, नाहीतर सोडली नसती, तर आजच पावती होईल. तसं झालं तर पाटलांचे पाच लाख पाटलांना परत. त्यानं चेकबुक काढलं, चेक लिहिला, आणि टेबलाच्या काचेखाली सरकवला. सही तेवढी बाकी ठेवली.

“तुमचं बोलणं झ्याक हाय पाटील,” तो म्हणाला. “केळीचं बोललात तसंच जरा इमारतीचं बोला.”

असा हा प्रसंग. आयुष्यभर फुकट वाटलेल्या थापेला पहिल्यांदा किंमत आली होती, पाच लाख रुपये. ज्ञानोबा काचेखालच्या चेकाकडं बघत बसला. त्याला चांगुणाचा गुडघा दिसत होता आणि नाकातून ती मागची खोली जात नव्हती.

जोडपं आलं. महांतेश तूरडाळीच्या मिलमध्ये हिशेबनीस होता. बारीक अंगाचा माणूस, बोटांवर सतत काहीतरी मोजणारा. बायको सिद्धम्मा ठसठशीत कुंकवाची, मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेली, आणि समोरच्याच्या प्रत्येक वाक्याला ‘हौदु’ म्हणून मान डोलावणारी. तिच्या माहेरच्या कानडीत त्याचा अर्थ हो. पतसंस्थेचं कर्ज मंजूर होऊन पडलं होतं, चौदा टक्क्यांचं. दोन्ही पोरांच्या शिक्षणाची सोय ह्या इमारतीतून होणार असं दोघांनी ठरवून टाकलं होतं. नरसिंगशेठनं चहा मागवला. ज्ञानोबानं कपाला हात लावला नाही.

“हे पाटील,” नरसिंगशेठनं ओळख करून दिली. “अर्धापूरचे. लई मोठी बाग.”

ज्ञानोबानं घसा साफ केला. आणि त्याच्या मनात एक जुनी चलाखी आली. थाप इतकी मोठी मारायची की ऐकणारा खो खो हसला पाहिजे. ह्या माणसांना हसू फुटलं की त्यांना आपोआप कळेल. आपण इमारतीची बदनामी केली असं शेठला म्हणता येणार नाही, आपण तर स्तुतीच केली. आपला शब्द पाळला म्हणून चेकही मागता येईल, माणसंही वाचतील.

तो म्हणाला, ह्या इमारतीच्या पाण्याची बातच निराळी. सगळं लातूर कोरडं पडतं तेव्हा मांजरा नदी घागर घेऊन हितं पाणी भरायला येते. मागच्या उन्हाळ्यात शेठनी तिला रांगेत उभं केलं होतं.

“हौदु,” सिद्धम्मा म्हणाली.

महांतेशनं बोट मोजलं. “म्हणजे टँकरचा खर्च धरायचा न्हाई.”

ज्ञानोबा दचकला. त्यानं मोठी काढली. हितल्या कॉटवर नुसता झोपलेला माणूस डॉक्टर होतो, म्हणाला. गेल्या वर्षी गाद्या बदलायला आलेल्या गड्याला दुपारी डुलकी लागली, उठला तर नागपूरच्या मेडिकलचं पत्र उशाशी. आता त्याच्याकडं नंबर लावावा लागतो.

“रिझल्ट चांगला असंल तर भाडं तीन हजार करता येईल,” महांतेश बायकोला म्हणाला.

“हौदु.”

नरसिंगशेठ खुर्चीत मागं टेकून हसत होता. तो हसत होता ते थापेला नव्हे, फुगत चाललेल्या भाड्याला. ज्ञानोबा खुर्चीच्या कडेला सरकला. त्यानं उरलंसुरलं सगळं एका दमात ओतलं: ह्या इमारतीच्या खोल्या रात्री फुगतात, संध्याकाळी चार कॉट टाकून झोपलं की सकाळी पाच होतात, पाचव्यावर पोरगंसुद्धा आपोआप येतं, आणि सोबत आगाऊ भाडं आणतं.

महांतेशनं मान वर केली. “पाचवा कॉट धरून हिशेब केलाय का शेठ, का धरायचा राहिलाय?”

कुणी हसलं नाही. डेपोतला एखादा हमाल असता तर म्हणाला असता, कंडक्टरसाहेब, आता उतरा. इथं थाप पडायची आणि तिचे टक्के व्हायचे. नदी, डॉक्टर, फुगणाऱ्या भिंती, सगळं महांतेशच्या बोटांवरून भाड्यात जाऊन बसत होतं. ज्ञानोबाला टाकीतल्या कबुतरापेक्षा ह्याची जास्त शिसारी आली, आणि त्याहून जास्त स्वतःच्या जिभेची. आपली थाप कुणीतरी विकत घेऊन तिच्यात राहायला निघालंय, हे त्यानं पहिल्यांदाच बघितलं. विकल्यावर ती थाप राहत नाही. ती नरसिंगशेठच्या फळ्यांसारखी होते, पातळ, आणि तिच्यामागं कुणीतरी कोंडलेलं असतं.

नरसिंगशेठनं पेन उघडलं. सिद्धम्मानं पर्सची चेन अर्धी ओढली. काचेखाली चेक होता, सहीची जागा कोरी.

“बाई, एक राहिलं,” ज्ञानोबा म्हणाला.

सगळे थांबले.

“शेठनी मला पाटील म्हणलं. म्या पाटील न्हाई. तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो. नांदेडचा. आमी जयभीमवाले.” नरसिंगशेठचं पेन हवेत राहिलं. “शेठला हे पयल्या दिवसापासून ठाऊक हाय. म्हणून तर त्यांनी मला मागची खोली दाखवली. आमच्या पोरांना गावात कुणी कॉट देत न्हाई, त्याचं ह्या माणसाला लई दुःख. त्या पोरांना त्यांनी ती खोली फुकट दिलीय. एक रुपाया घेत न्हाईत. पुढच्या वर्षापासून वरच्या मजल्यावरच्या चांगल्या पाच कॉटांवर त्यांना हलवणार, तेही फुकट. अन् खरेदीखतात अट घालून राहिले, पुढच्या मालकानं ही रीत मोडायची न्हाई. मोडली तर इमारत परत. असा माणूस म्या बघितला न्हाई. खोटं वाटंल तुमाला.”

सिद्धम्मानं ह्या वेळी हौदु म्हटलं नाही. तिनं पर्सची चेन ओढून बंद केली. महांतेशनं मोजलेली बोटं एकेक करून मिटली. पाच कॉट गेले, मग वरचे पाच गेले.

“शेठ,” सिद्धम्मानं विचारलं, “हे खरं हाय का?”

नरसिंगशेठनं ज्ञानोबाकडं बघितलं. खरं म्हणावं तर दहा कॉटांचं भाडं पाण्यात आणि गिऱ्हाईक दाराबाहेर. खोटं म्हणावं तर एवढा वेळ शेजारी बसवून ज्याला बोलू दिलं त्याची नदी खोटी, डॉक्टर खोटे, सगळीच इमारत खोटी.  काचेखालच्या चेकाकडं ज्ञानोबानं आता बघणं सोडलं होतं.

नरसिंगशेठच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. दुसऱ्या कुठल्याही थापेला तो मुंडी हलवत बसला असता. पण ही त्याच्या घशाखाली जाईना.

“खोटं,” तो उठून उभा राहत म्हणाला. “साफ खोटं बोलून राहिला हा. त्या खोलीचं भाडं तर म्या सगळ्यात जास्त घेतो.”